मुक्या जीवाची अमानत

सूरह अल्-बकराहची 282 वी आयत ही पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत होय. ती नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. तिच्या लगतच्याच आयतीत प्रवासाचा उल्लेख येतो. प्रवासात असताना लिहिणारा मिळाला नाही तर तारण घ्यावे, आणि एकाने दुसऱ्यावर विश्वास टाकलाच तर ज्याच्यावर तो टाकला आहे त्याने अमानत चुकती करावी व आपल्या पालनकर्त्याचे भय बाळगावे, असा तिचा आशय आहे. लेखन, प्रवास आणि अमानत या तीन गोष्टी अशा एकमेकींना खेटून आल्या आहेत. माणूस दूर जातो तेव्हा त्याची वस्तू दुसऱ्याच्या हाती राहते, आणि त्याच वेळी दोघांच्याही ईमानाची परीक्षा होते.

या दोन आयतींच्या प्रकाशात आज एका अशा प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, जो वाचून काही वाचकांच्या चेहऱ्यावर हसू उमटेल. घरात मधुमेह झालेले मांजर आहे. त्याला दिवसातून दोनदा इन्सुलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. आणि घरची मंडळी हजला किंवा उमराहला निघाली आहेत. त्या मांजराचे काय?

वरवट बकालसारख्या गावातील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणू. संग्रामपूर तालुक्यातील हे गाव सातपुड्याच्या पायथ्याकडच्या भागात आहे. येथून निघालेला यात्रेकरू आधी शेगावचे रेल्वेस्थानक गाठतो, तेथून नागपूर किंवा मुंबई आणि मग विमान. उमराहसाठी पंधरा-वीस दिवस, हजसाठी साधारण चाळीस. निघण्यापूर्वी काय केले जाते हे आपण जाणतोच. कर्जे फेडली जातात. भावकीतले रुसवे मिटवले जातात. घरोघर जाऊन कहा-सुना माफ करून घेतले जाते. म्हातारे आई-वडील कोणाकडे राहतील, शेताला पाणी कोण देईल, बकऱ्यांना चारा कोण टाकील, हे सर्व ठरते. मांजराचा विषय मात्र बहुधा निघतच नाही. ते फिरते जनावर, आपले पोट आपण भरील, असे गृहीत धरलेले असते. निरोगी मांजराच्या बाबतीत हे काही अंशी खरे आहे. मधुमेही मांजराच्या बाबतीत ते साफ खोटे आहे.

मांजरांना मधुमेह होतो, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. उतारवयातील आणि लठ्ठ मांजरांत तो अधिक आढळतो. मांजर सारखे पाणी पिते, सारखी लघवी करते, भरपूर खाऊनही झिजत जाते. काही मांजरे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात. आपल्या खारपाणपट्ट्यात हे दुखणे लवकर ध्यानात येत नाही, कारण येथे खाऱ्या पाण्याची आणि मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा घरोघर असते, आणि उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. मांजर पाण्याच्या भांड्यापासून हलत नाही तेव्हा दोष उन्हाला दिला जातो, नाही तर पाण्याला. रक्तातील साखर तपासावी हे कोणाच्या मनात येत नाही.

निदान झाले तर उपचार आहे. अनेकदा माणसांसाठी मिळणारेच इन्सुलिन पशुवैद्य लिहून देतात. मात्रा अगदी थोडी, पुष्कळदा एक किंवा दोन युनिट, साधारणपणे दर बारा तासांनी आणि जेवणाच्या वेळेस. योग्य आहार व इन्सुलिन मिळाले तर काही मांजरांचा आजार इतका ओसरतो की इंजेक्शन बंदही करता येते. म्हणूनच मात्रा अधूनमधून तपासून घ्यावी लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी व बकऱ्यांची गर्दी अधिक असते. आपल्याकडून जवळचे मोठे ठिकाण म्हणजे अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था. एक शंका नेहमी विचारली जाते, तिचेही उत्तर येथेच देऊन टाकू. जनावरांसाठी म्हणून बनवलेले काही इन्सुलिन डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असते. माणसांसाठीचे आजचे इन्सुलिन मात्र सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने कारखान्यात तयार होते. असे पहिले इन्सुलिन 1982 साली वापरात आले. ज्यांचे मन कचरते त्यांनी पशुवैद्याजवळ तसे बोलावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सही बुखारी व सही मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे, जी आपण लहानपणापासून ऐकत आलो. एका स्त्रीला मांजरामुळे नरकाची शिक्षा झाली. तिने मांजराला कोंडून ठेवले, त्याला खाऊ-पिऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-मुंग्या, उंदीर खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. ते तसेच मेले. या हदीसचे निवेदन करताना आपण क्रौर्यावर भर देतो. परंतु त्या स्त्रीने मांजराला मारहाण केली असे हदीसमध्ये कोठेही नाही. तिचा अपराध एवढाच की तिने त्याला स्वतःवर अवलंबून केले आणि मग त्याच्याकडे पाहिले नाही. मोकळे सोडले असते तर ते जगले असते, ही बाब हदीसमध्येच स्पष्ट आली आहे.

इन्सुलिनवर असलेल्या मांजराची स्थिती ताडून पाहा. त्याच्या गळ्यात दोरी नाही, दाराला कडी नाही. ते अंगणात फिरेल, भिंतीवर चढेल, उंदीरही पकडील. तरीही ते बांधलेलेच आहे. किडे-मुंग्यांत, उंदरांत त्याचे औषध नाही. ते आपल्या फ्रीजमधल्या छोट्या बाटलीत आहे. ही दोरी आपण बांधलेली नाही, आजाराने बांधली आहे, हे मान्य. पण तिचे दुसरे टोक आपल्या हातात आहे. घराला कुलूप लावून, अंगणात आठ दिवसांचे अन्न ठेवून निघून जाणारा माणूस त्या स्त्रीपासून किती दूर उभा आहे, याचा निवाडा मी करणार नाही. ज्याचा त्याने करावा.

कोणी म्हणेल की कुरबानीचे जनावर, दुभते जनावर यांचा हक्क समजतो. पण म्हाताऱ्या, आजारी, निरुपयोगी मांजरावर एवढा खर्च आणि खटाटोप कशासाठी? याचे उत्तर आपल्या फुकहांनी कधीच देऊन ठेवले आहे. हिजरी 660 मध्ये, म्हणजे इसवी 1262 मध्ये, निवर्तलेले शाफई विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी माणसावरील जनावरांचे हक्क मोजताना पहिलाच हक्क असा सांगितला की त्याच्या गरजेनुरूप खर्च करावा, मग ते म्हातारे झालेले असो वा असे आजारी पडलेले असो की त्याच्यापासून काही लाभ होणार नाही. लाभ संपला की हक्क संपतो, हा बाजाराचा हिशेब झाला. शरिअतचा हिशेब निराळा आहे.

मांजराविषयी तर आपल्या परंपरेत वेगळीच आपुलकी आढळते. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी सुनेने वजूचे पाणी आणले असता एक मांजर ते पिऊ लागले, तेव्हा त्यांनी भांडे तिरके करून त्याला पिऊ दिले. सून आश्चर्याने पाहत राहिली. मांजर अपवित्र नाही, ते तुमच्या घरात ये-जा करणाऱ्यांपैकी आहे, असे आदरणीय पैगंबर (स.) यांनी सांगितल्याचे त्यांनी तिला ऐकवले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या नावाचा अर्थच छोट्या मांजराचा बाप असा आहे. मात्र बाहीवर झोपलेल्या मांजराची झोप मोडू नये म्हणून पैगंबर (स.) यांनी बाही कापली, ही कथा विश्वसनीय हदीससंग्रहांत आढळत नाही. मोबाइलवर ती फिरत असते. पैगंबरांच्या नावे काहीही पुढे पाठवण्यापूर्वी चौकशी करावी. मांजरावर दया करण्यासाठी अशा कथेची आपल्याला गरज नाही.

तर मांजर कोणाच्या स्वाधीन करावे? सूरह अल्-कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांची मद्‌यनची हकीकत आहे. त्यांनी दोन बहिणींच्या जनावरांना पाणी पाजून दिले. पुढे त्यांतील एकीने वडिलांना सुचवले की यांना कामावर ठेवा, कारण कामावर ठेवण्यास उत्तम तोच जो समर्थही आहे आणि विश्वासूही. दोन्ही गुण एकत्र हवेत. आपण बहुधा एकच पाहतो. शेजारची खाला प्रेमळ आहे, पाच वेळची नमाजी आहे, मुलांसारखे मांजर सांभाळील. परंतु तिची नजर अधू असेल आणि सिरिंजवरची रेष तिला दिसत नसेल, तर तिचे प्रेम येथे पुरे पडत नाही. उलट औषध-दुकानात काम करणारा हुशार तरुण सगळे जाणतो, पण रात्री घरी कधी येईल याचा नेम नाही. तोही चालणार नाही.

हिजरतच्या प्रसंगी पैगंबर (स.) व हजरत अबू बकर (रजि.) यांनी आपल्या दोन उंटिणी कोणाच्या हवाली केल्या होत्या, हे येथे आठवावे. अब्दुल्लाह बिन उरैकित हा मनुष्य मुसलमान नव्हता. वाटा जाणणारा निष्णात वाटाड्या होता आणि विश्वासू होता. त्याला मोबदला ठरवून कामावर घेतले गेले, उंटिणी सोपवल्या गेल्या, तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी यावे असे ठरले, आणि तो ठरल्या वेळी आला. जीव मुठीत धरून निघालेल्या त्या प्रवासात जनावरांची जबाबदारी अशी दिली गेली: माणूस पारखून, कामाचा जाणता पाहून, वेळ नक्की करून, मजुरी ठरवून. तेव्हा शेजारच्या काकू स्वतःच्या पतीला रोज इन्सुलिन देत असतील आणि त्यांचा हात सरावलेला असेल, तर नात्यातल्या अनभिज्ञ माणसापेक्षा त्यांना विचारणे अधिक योग्य. यात संकोचाचे कारण नाही.

माणूस ठरला म्हणजे अमानत सोपवून झाली असे मात्र नाही. मांजर देणे सोपे आहे. त्याच्याविषयीचे ज्ञान देणे हीच खरी सोपवणी. पैशाची थैली देणाऱ्याला ती कशी सांभाळावी हे शिकवावे लागत नाही. आजारी जीव देणाऱ्याला शिकवावे लागते, आणि त्याने काही दडवले वा आळसाने सांगितले नाही तर पुढच्या हानीत त्याचा वाटा आहे.

सिरिंजचेच घ्या. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेले आणि 100 युनिट असलेले. सिरिंजही त्यानुसार दोन: साधारणपणे लाल टोपीची चाळीसची, नारिंगी टोपीची शंभरची. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये दोन युनिटच्या रेषेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात पाच युनिट जातात. चार किलोच्या जनावराला ही चूक प्राणघातक ठरू शकते. ज्याच्या घरी मांजर ठेवायचे तेथे आजोबांचे इन्सुलिन त्याच फ्रीजमध्ये असेल, तर मांजराची बाटली व सिरिंजा वेगळ्या डब्यात, वर ठळक नाव लिहून ठेवाव्यात. संपूर्ण मुदतीला पुरतील एवढ्या सिरिंजा आपणच आणून द्याव्यात. दुकानदार दुसऱ्या टोपीची देईल आणि सांभाळणाऱ्याला फरक कळणार नाही, अशी वेळच येऊ देऊ नये.

वेळेबाबत एक गफलत आपल्या घरांत सहज होते, कारण आपला दिवस अजानवर चालतो. फजरनंतर एक इंजेक्शन आणि मगरिबनंतर एक, असे सांगून मोकळे होणे स्वाभाविक वाटते. डिसेंबरमध्ये आपल्या भागात फजर आणि मगरिब यांत जवळपास बारा तास असतात, तेव्हा ते जमूनही जाते. जूनमध्ये हेच अंतर पंधरा तासांच्या घरात जाते आणि रात्रीचे अंतर नऊ तासांवर येते. म्हणून मांजराची वेळ घड्याळावर बांधावी. सकाळी सात व संध्याकाळी सात, किंवा सांभाळणाऱ्याला झेपेल ती वेळ, जी आपण निघण्याच्या बऱ्याच आधीपासून पशुवैद्याला विचारून पाळू लागावी. रमजानमध्ये इफ्तारची घाई आणि तरावीह लक्षात घेऊनच वेळ ठरवावी.

आणखी काही गोष्टी कागदावर याव्यात. मांजराने खाल्ले नाही, उलटी केली, तर नेहमीचे इंजेक्शन देऊन मोकळे होऊ नये; आधी पशुवैद्याला फोन करावा. इंजेक्शन दिले की नाही अशी शंका आली, किंवा औषध केसांवरच ओघळले असे वाटले, तर पुन्हा देऊ नये. एक मात्रा चुकली तर सहसा निभावते; दुप्पट मात्रा जीव घेऊ शकते. मांजर लटपटू लागले, सुस्त पडले, झटके आले, तर साखर उतरलेली असण्याचा संभव मोठा. बोटावर मध किंवा साखरेचे दाट पाणी घेऊन हिरड्यांना चोळावे, घशात ओतू नये, झटका चालू असताना तोंडात बोट घालू नये, आणि लगेच दवाखाना गाठावा. पशुवैद्याचा क्रमांक, रात्रीची वेळ असेल तर वाहन कोणाचे, आणि खर्चाची रोख रक्कम, हे त्या कागदासोबत द्यावे. कागद सांभाळणाऱ्याला वाचता येईल त्या भाषेत असावा, मराठी असो वा उर्दू. दर वेळी किती वाजता, किती खाल्ले, किती युनिट, हे वहीत लिहिण्याची सवय लावावी. घरात दोन माणसे इंजेक्शन देणार असतील तर ही वही अत्यावश्यक. लिहून ठेवण्याच्या आदेशाने ही चर्चा का सुरू केली, ते आता ध्यानात आले असेल.

फ्रीज असला तरी वीज जाते. इन्सुलिन गोठले तर वाया जाते, म्हणून ते बर्फाच्या कप्प्यात कधीही नसावे. वीज दीर्घकाळ गेली तर बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून ती माठाच्या गारव्यात ठेवणे हा आपल्या उन्हाळ्यातला जुना आणि कामाचा उपाय आहे. खाण्याविषयीही स्पष्ट बोलावे. दूध-पोळी, भात, पाव हे या मांजराला योग्य नव्हे. त्याला मांस-मासळीचा, पशुवैद्याने सांगितलेला आहार हवा. ईदच्या दिवशी शेजारची मुले लाडाने शीरखुर्म्याची वाटी पुढे करतील. मुलांनाही प्रेमाने समजावून ठेवावे.

निघण्यापूर्वी निदान आठवडाभर सांभाळणाऱ्याने आपल्यासमोर स्वतःच्या हाताने इंजेक्शन द्यावे. आपण दाखवले, त्याने मान डोलावली, एवढ्यावर विसंबू नये.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. विनंती ज्याला केली जाते त्याला नकाराचा हक्क आहे, आणि कधी कधी नकार देणे हेच त्याचे कर्तव्य असते. स्वतःच्या सामर्थ्याविषयी खात्री नसलेल्याने अमानत स्वीकारू नये, असे फुकहा सांगतात. हाजीसाहेब निघाले आहेत, नाही कसे म्हणावे, या भिडेपोटी दिलेला होकार पुढे मांजराच्या जिवावर बेततो. म्हणून मागणाऱ्याने नकाराला वाट ठेवून मागावे. ज्याने स्वीकारले त्याने मालकाच्या परवानगीविना ती अमानत तिसऱ्या, परक्या माणसाकडे परस्पर ढकलू नये. पुण्याला लग्नाला जायचे ठरले आणि मांजर कोणा ओळखीच्याकडे टाकून दिले, असे चालत नाही. आपल्या देशाचा 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही कलम 3 मध्ये हेच मानतो: ज्याच्या ताब्यात वा देखरेखीखाली जनावर आहे, त्याच्या हिताची दक्षता घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. मालक असण्याची अट तेथे नाही.

योग्य माणूस मिळालाच नाही तर? फर्ज हज मांजरासाठी थांबवण्याचा प्रश्न नाही. अशा वेळी शहरातील पशुवैद्याकडे ठेवण्याची सोय शोधावी, थोडा अधिक खर्च सोसावा, घरातील एखाद्याने मागे राहण्याचा विचार करावा. परंतु तिसऱ्या-चौथ्या नफ्‌ल उमराहला निघालेल्या कुटुंबाबद्दल माझे मत वेगळे आहे. ती यात्रा दोन महिने पुढे गेली तर बिघडत नाही. एका अन्सारी सहाबींच्या बागेत पैगंबर (स.) यांना पाहून उंट कण्हला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तेव्हा त्यांनी मालकाला बोलावून विचारले होते की अल्लाहने तुझ्या ताब्यात दिलेल्या या जनावराबाबत तुला अल्लाहचे भय वाटत नाही काय, हा तक्रार करतो की तू याला उपाशी ठेवतोस. त्या पैगंबरांच्या रौजावर सलाम अर्पण करण्यासाठी निघालेल्याने मागे उपाशी वा औषधावाचून कोणाला ठेवले आहे, याची खातरजमा करून निघावे.

शेवटी हिशेबाचे. सांभाळणाऱ्याने निष्काळजीपणा केला नाही आणि तरीही मांजर दगावले, तर त्याच्यावर भरपाई नाही. अमानतदाराचा नियम तोच आहे. मोबदला घेऊन राखण करणाऱ्यावर टाळता येण्याजोग्या हानीची जबाबदारी अधिक येते, असे हनफी फुकहा मानतात. वाद उद्भवलाच तर स्थानिक आलिमांना विचारावे. मक्केत असलेल्या मालकाला ही बातमी कळवावी की नाही, असा प्रश्न पडतो. कळवावी, खरी कळवावी. इबादतीत विघ्न नको म्हणून रोज मांजर बरे आहे असे खोटे सांगणे कोणत्याही सबबीने योग्य नव्हे. मालकानेही फोनवर आरोप करू नयेत. परत आल्यावर वही पाहावी, उरलेले औषध व पैसे मोजून घ्यावेत, आणि ठरलेली मजुरी त्याच दिवशी द्यावी. खजूर व जमजम त्याशिवाय वेगळे. चाळीस दिवसांचा करार असताना मांजर दहाव्या दिवशी गेले असेल, तर जितके दिवस त्या माणसाने सकाळ-संध्याकाळ सुई धरली तितक्या दिवसांचे पैसे त्याचे आहेत, आणि तो मागेपर्यंत थांबू नये.